आडवी बाटली: अर्ज मागनं, आधी मतदार यादी

शेजारच्या गावात दारूदुकान बंद करायचं की नाही यावर बायकांचं मतदान झालं. आडव्या बाटलीला, म्हणजे 'बंद'ला, ४५२ मतं पडली, उभीला, म्हणजे 'चालू'ला, ९८. बायकांनी गुलाल आणून ठेवला होता, हलगीवाल्यालाही सांगून ठेवलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देशी दारूचं दुकान नेहमीच्या वेळेला उघडलं.

त्या गावात महिला मतदार होत्या ९४०. झालेल्या मतदानात कोण पुढं, हे इथं कुणी बघत नाही. यादीत जेवढ्या महिला आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे ४७१. कमी पडली १९. जी बाई त्या दिवशी डाळिंबाच्या बागेत रोजानं गेली, जी ऊसतोडीला गेली, जी पाच वर्षांमागं वारली पण जिचं नाव कुणी कमीच केलं नाही, त्या सगळ्यांनी न येताच उभ्या बाटलीला मत दिलं.

म्हणून "ताई, अर्ज कुणाकडं करायचा?" असा फोन आला की मी सांगते, अर्ज मागनं. आधी मतदार यादी काढा.

मी आटपाडी बाजूची. २९ वर्षं अंगणवाडी सेविका होते. त्यातली बरीच वर्षं बीएलओचं काम गळ्यात होतं, म्हणजे घरोघर फिरून यादीत नावं घालायची आणि काढायची. तेव्हा त्या कामाला मी भरपूर शिव्या घातल्या, पुढं तेच उपयोगी पडलं. आमच्या गावचं दुकान बंद झालं २०२३ च्या एप्रिलात, मी निवृत्त झाल्यावर. (मानधनावर असताना असल्या मोहिमेत पुढं पुढं करू नका, नोटीस येते.) आणि एक सांगून टाकते, आमचे हे घेतात. यात्रेला, लग्नाकार्याला. "तू दुकान बंद करणार आणि मी काय करायचं?" असं म्हणत म्हणतच त्यांनी मला गाडीवरनं सांगलीला सहा खेपा घातल्या.

आमच्या गावात आधी दुकान नव्हतं. ते होतं फाट्यावर. डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दारूदुकानं हटवायला सांगितलं, पुढं २०,००० पर्यंत वस्तीच्या ठिकाणी ते अंतर २२० मीटर केलं. निकाल चांगलाच, अपघात किती व्हायचे. पण फाट्यावरचं दुकान काही हवेत विरत नाही. ते आमच्या गावात आलं, मराठी शाळेच्या वाटेवर, पिठाच्या गिरणीसमोर. डोक्यावर दळण घेतलेल्या पोरी लांबच्या वाटेनं जायला लागल्या, तेव्हा मला जाग आली.

आता मुद्द्याचं.

पहिल्यांदा तुमचं दुकान कसलं आहे ते ओळखा. मतदानानं बंद होतं ते परवान्याचं दुकान. देशी दारूचा परवाना सीएल-३, वाईन शॉपचा एफएल-२, परमिट रूमचा एफएल-३, बिअर शॉपीचा एफएल/बीआर-२. तुमचा त्रास हातभट्टीचा असेल, किंवा टपरीवर गोणपाटाखाली ठेवलेल्या बाटल्यांचा, तर मतदान मागत बसू नका. तो सरळ गुन्हा आहे. पोलिसांच्या कागदावर "६५ ई" असं दिसतं, ते दारूबंदी कायद्याचं कलम. तिथं तक्रार करायची आणि पोच घ्यायची. माझ्याकडं आलेल्या निम्म्या बायकांचं काम एवढ्यावरच भागलं.

परवान्याचा नंबर दुकानाच्या पाटीवर असतो. नसला, पुसलेला असला, तर माहिती अधिकारात मागा. जोडपत्र 'अ', १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, अर्ज राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयातल्या माहिती अधिकाऱ्याला. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, म्हणून त्यात दारूमुळं झालेलं वाटोळं लिहू नका. परवान्याची प्रत, कुणाच्या नावावर आहे, कुठल्या पत्त्यावर आहे, स्थलांतराचा आदेश असेल तर त्याची प्रत. एवढंच. उत्तराला ३० दिवस.

मग गावात एक वाक्य ऐकू येईल: "धंदा करणं त्याचा हक्क आहे, कोर्टात टिकणार नाही तुमचं." दुकानदाराच्या मेव्हण्यानं पारावर बसून हेच सांगितलं होतं, आणि निम्मं गाव गप्प झालं होतं. तर ऐका. खोडे डिस्टिलरीज विरुद्ध कर्नाटक सरकार या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय, की पिण्याच्या दारूचा व्यापार हा कुणाचा मूलभूत हक्क नाही. सरकार त्यावर बंदी घालू शकतं, बंधनं घालू शकतं, आणि वाटलं तर तो सगळा धंदा स्वतःच्या हातात घेऊ शकतं.

तामिळनाडूत तसंच आहे. आमच्या बाजूची माणसं गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, देशभर पांगलीत; माझा भाचा सेलमला असतो. तो म्हणाला, मावशी, इथं दुकानच सरकारचं. टास्मॅक नावाचं सरकारी महामंडळ २००३ पासून बाटल्या विकतंय. सरकारनं २०१६ मध्ये ५०० दुकानं बंद केली, २०१७ मध्ये ५००, २०२३ मध्ये आणखी ५००. पण कुठली बंद करायची ते ठरवणार सरकारच. विकणाराही तोच आणि न्याय देणाराही तोच. आपल्याकडं दुकान खाजगी माणसाचं, परवाना तेवढा सरकारचा, आणि परवाना बंद करायचा एक दरवाजा गावातल्या बायकांच्या हातात दिलाय. तो दरवाजा जड आहे, पण आहे. सरकारनं वरनं केलेली बंदी सरकार वरनंच उठवतं. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला दारूबंदी झाली, २०२१ ला उठली.

दरवाजा असा: २५ मार्च २००८ चा शासनाचा आदेश. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला, सह्या खऱ्या निघाल्या, की गुप्त मतदान. एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. सगळ्या मतदारांनी मिळून मागायची वाटही आहे, पण मी तिकडं गेले नाही. पुरुष धरले की यादी दुप्पट होते आणि उत्साह निम्मा. शहरातल्या प्रभागालाही मतदानाची सोय आहे, त्याबद्दल तिथल्या बायकांनी लिहावं, मला गावाचं माहीत.

आता यादी. ही छापील घ्या, मोबाईलवर नको. प्रत्येक वाडीची, आळीची पानं वेगळी करा आणि त्या आळीतल्याच बाईकडं द्या. तिला चार रंगांच्या पेन्सिली द्या. गावात आहे ती हिरवी. ऊसतोडीला किंवा गलाईला बाहेर आहे पण गावचीच आहे ती निळी. लग्न होऊन गेली, कायमची बाहेर गेली ती पिवळी. वारली ती लाल. आमच्या यादीत सुरुवातीला महिला होत्या १,१७६. एका संध्याकाळी समाजमंदिरात पानं पसरून बसलो तर लाल-पिवळं बघून बायका हसायला लागल्या. माझी सासू त्यात होती. तिचं वर्षश्राद्ध कधीच होऊन गेलेलं, आणि यादीत ती ठणठणीत. बीएलओच्या घरातली ही गत!

वारलेल्यांसाठी फॉर्म ७, मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून. लग्न होऊन गेलेल्या पोरींना फोन करून सासरच्या पत्त्यावर फॉर्म ८ भरायला लावा, म्हणजे इथलं नाव निघतं. घरात आलेल्या नव्या सुनांचं त्याच फॉर्म ८ नं इकडं येतं. नुकत्या अठरा पूर्ण झालेल्यांना फॉर्म ६. जी बाई नुसती कामासाठी बाहेर आहे तिचं नाव काढायच्या भानगडीत पडू नका. ती गावची मतदार आहे, आणि खोटा फॉर्म ७ भरणं हा गुन्हा आहे. शिवाय ती परत आली की आडवीलाच मत देणार असते, नवरा तिचाच पितो.

आमची ७४ नावं कमी झाली, १४ वाढली. यादी आली १,११६ वर. म्हणजे जिंकायला ५५९ हवीत. जुनी यादी राहिली असती तर ५८९ लागली असती. हा हिशेब शेवटी परत काढणार आहे, लक्षात ठेवा.

सह्यांचं काम सोपं वाटतं आणि तिथंच माती होते. आमचा पहिला अर्ज, २०१८ चा, सह्यांवरच मेला. तरुण मंडळाची पोरं उत्साहानं वह्या घेऊन फिरली, दोन दिवसांत ३०६ सह्या. लागत होत्या २९४. आम्ही पेढे खायचे बाकी होतो. पडताळणीला साहेब बसले आणि एकेक पान उलटत विचारायला लागले, "या पाच सह्या एकाच हाताच्या कशा?" सुनेनं सासूची केलेली, पोरानं आईची केलेली. कुणाचं माहेरचं नाव, कुणाचं नुसतंच 'आक्का'. २०३ टिकल्या. साहेबांचं चुकलं नव्हतं, हे आज मला पटतं. त्या दिवशी मी घरी येऊन भाकरी थापता थापता रडले.

दुसऱ्या वेळी कागद मी आखला. रकाने: अनुक्रमांक, यादी भाग क्रमांक, यादीतला क्रमांक, नाव यादीत छापलंय तसंच (छापताना चूक असेल तर चुकीसकट), ओळखपत्राचा क्रमांक, सही किंवा डाव्या हाताचा अंगठा, तारीख. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही. प्रत्येक पानाच्या डोक्यावर अर्जाचा विषय परत लिहायचा, नाहीतर "आम्हाला वाटलं रेशनचा कागद आहे" असं म्हणायला वाव राहतो. आणि पंचवीस टक्क्यांवर थांबायचं नाही. लागत होत्या २७९, आम्ही दिल्या ४३१.

अर्जात रडगाणं नको. आमचा असा होता:

"प्रति, मा. जिल्हाधिकारी, सांगली. विषय: मौजे अमुक येथील देशी दारू किरकोळ विक्री अनुज्ञप्ती सीएल-३ क्र. अमुक बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेणेबाबत. महोदय, आम्ही खाली सह्या करणार, सदर गावच्या महिला मतदार. गावात एकूण महिला मतदार १,११६ असून त्यापैकी ४३१ जणींनी या अर्जावर सह्या केल्या आहेत. दि. २५ मार्च २००८ च्या शासन आदेशानुसार सह्यांची पडताळणी करून मतदानाची तारीख जाहीर करावी, ही विनंती."

खाली जोडपत्रं: सह्यांची पानं, मतदार यादीची प्रत, परवान्याची प्रत, ग्रामसभेचा ठराव. ठरावासाठी आधी महिला ग्रामसभा मागा, ती ग्रामसभेच्या अगोदर घ्यावीच लागते. तिथं बायका मोकळं बोलतात आणि ते इतिवृत्तात येतं. प्रत अधीक्षकांना, एक तहसीलदारांना, एक पोलीस ठाण्याला. प्रत्येक ठिकाणी तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर तिथंच बाकड्यावर बसा. पिशवीत शेंगा ठेवा. आम्ही बसलो होतो.

पडताळणीचा दिवस कळला की खरी धावपळ सुरू होते, कारण सही केलेल्या बाईला स्वतः यावं लागतं, ओळखपत्र घेऊन. आमच्याकडं त्या दिवशी सकाळी सहालाच गावात दोन ट्रॅक्स उभ्या. फुकट देवदर्शन, जेवणासकट, खालच्या आळीतल्या बायकांसाठी. कुणाची गाडी म्हणून विचारलं तर ड्रायव्हर म्हणे, "एका भक्तानं सांगितलंय." त्या भक्ताला आयुष्यात कधी कुणी देवळात बघितलं नव्हतं. पंधरा-सोळा जणी चढल्याही. आमच्या काकी, वय सत्तरीच्या घरात, गाडीच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "देव कुठं जात न्हाई, बयांनो. सायेब मातुर चारला जातुय." सहा-सात उतरल्या. बाकीच्या गेल्या, त्यांच्यावर मी राग धरला नाही. फुकटात घराबाहेर पडायला कधी मिळतं बाईला? त्या दिवशी ३५२ सह्या टिकल्या. ४३१ का घ्यायच्या, ते कळलं असेल.

त्यानंतर मतदानाच्या तारखेची वाट. इथं गप्प बसू नका, लेखी विनंती करा. ऊसतोडीच्या गावानं दिवाळीनंतरची तारीख स्वीकारली तर हरलंच म्हणून समजा. सगळे कोयते फडात, गावात उरतात म्हातारी आणि शाळेची पोरं. आम्ही लिहून दिलं, की गावातल्या इतक्या महिला मतदार ऊसतोडीला गेल्या आहेत, कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, त्या परततात, आणि चैत्रात गावची यात्रा असल्यानं गलाईची कुटुंबंही गावी असतात. मतदान त्या आठवड्यात ठेवावं. निळ्या पेन्सिलीची सगळी नावं जोडली. तारीख यात्रेनंतर दोन दिवसांनी मिळाली. मुकादमांना भेटून "एक दिवस बायका लवकर पाठवा" हेही सांगितलं, दोघांनी ऐकलं.

मधल्या काळात सभा-भाषणं फार करू नका. आम्ही एकच सभा घेतली, तीही लाऊडस्पीकर बिघडल्यानं अर्धीच झाली आणि कुणाचं काही अडलं नाही. रात्री भांडी झाल्यावर आळीत बसायचं, आणि मत कसं द्यायचं ते दाखवायचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. मी वहीच्या कागदावर दोन्ही चित्रं काढली आणि टिकलीच्या बाटलीच्या झाकणाला कुंकू लावून शिक्का केला. शंभरेक कागद झाले. लिहिता-वाचता न येणाऱ्यांचं चुकत नाही, चित्र स्पष्ट असतं. चुकतं ते गडबडीत. शिक्का मधल्या रेषेवर पडला, कागद ओला असताना दुमडला, की मत बाद होण्याची भीती. दुमडायचा कसा, तेही दाखवा.

मतदान शाळेत झालं, तहसीलची माणसं, पोलीस बंदोबस्त, पेट्या, सगळं निवडणुकीसारखं. आमच्या बायका भागाप्रमाणं याद्या घेऊन बसल्या होत्या आणि आलेल्या नावावर टिंब करत होत्या. दुपारी दोनला ४१० झाली होती. उन्हाचा चटका असा, की कुत्रं बाहेर नाही. तेव्हा कुणालाही जोर येतो तसा आम्हालाही घाबरल्यावर आला. टिंब नसलेल्या घरांत पोरींना सायकलवर पाठवलं. बाळंतीण असलेल्या एकीला रिक्षातनं आणलं. शेवटच्या दोन तासांत पावणेतीनशे बायका आल्या.

मतं झाली ६८८. आडवी ५८३, उभी ८९, बाद १६. बाद मतांत दोन्ही बाटल्यांवर शिक्का मारलेलं एक होतं. ते माझ्या चुलत जाऊबाईंचं, त्यांनीच नंतर सांगितलं: "मला दोन्ही बाटल्या फोडायच्या हुत्या."

लागत होती ५५९. आता तो हिशेब: यादी न झाडता गेलो असतो तर लागली असती ५८९, आणि आम्ही ६ मतांनी हरलो असतो. गुलाल आम्हीही आणला होता.

निकालानंतर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो आणि दुकानाला सील लागतं. आदेशाची साक्षांकित प्रत घ्या, तीन संच करा, एक बचत गटाच्या पेटीत. दुकानदार वर अपिलात जाणारच, आयुक्तांकडं किंवा पुढं हायकोर्टात. कोर्टात कॅव्हेट टाकून ठेवा, म्हणजे तुमचं ऐकल्याशिवाय स्थगिती मिळणं अवघड होतं. आमच्या वेळी त्यासाठी मुंबईला जावं लागलं. आता १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, सांगली, सातारा, सोलापूरवाल्यांची रात्रीची गाडी वाचली.

दुकान बंद झाल्यावर आठच दिवसांत मोपेडवरची विक्री सुरू झाली. दुधाच्या किटलीत बाटल्या. याची तयारी ठेवा. एक वही करा: तारीख, वेळ, जागा, गाडीचा नंबर. नाव लिहायची घाई करू नका. गावात ग्रामरक्षक दल करायची तरतूद २०१६ च्या दुरुस्तीनं कायद्यात आली आहे, ग्रामसभेतनं ते करून घ्या, म्हणजे तुम्ही चार बाया राहत नाही, कायद्यानं मान्य केलेलं दल होता. पिणारे पितातच. काही नऊ किलोमीटरवर जाऊन पिऊन येतात. आमच्या ह्यांनीही एक-दोनदा तेच केलं, मग पेट्रोलचा हिशेब काढून आपणच कमी केलं. पण पगाराच्या संध्याकाळी गिरणीसमोर उभं राहून नवऱ्याच्या खिशाची वाट बघणाऱ्या बायका आता तिथं नसतात.

परवाना मात्र मरत नाही, तो जागा शोधतो. आमच्यातला दुकानदार सध्या पलीकडच्या खोऱ्यातल्या एका गावात जागा बघतोय असं कानावर आलं. त्या गावच्या दोघी-तिघींचा गेल्या महिन्यात फोन आला, घाबरलेल्या होत्या. मी विचारलं, यादीत बायका किती? म्हणाल्या, बघून सांगतो.

अजून फोन आलेला नाही.